डावा खिसा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि मामा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. स्वतःची हुशारी सोडली तर त्याचा कशावरच विश्वास नव्हता.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. दुकानात मामा एकटाच.

मामा जुने रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. दुसऱ्याचं काम उघडायचं, नाक मुरडायचं, मग हत्यार उचलायचं, ही त्याची पद्धत. "कोणत्या गाढवाने जोडलंय हे?" हा त्याचा नमस्कार.

त्या दिवशी टेबलावर उस्तादांचा, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. मामा त्यांच्याकडेच काम शिकला. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या मुलीला या अँप्लिफायरला बाहेरचा नवा प्रीअँप जोडायचा होता. म्हणजे आतला, आवाज पहिल्यांदा उचलणारा भाग तोडायचा आणि मागे सॉकेट बसवून बाहेरच्या डब्यातला आवाज थेट पुढे न्यायचा.

"दादा, बाबांचं बाकीचं काम तसंच राहू द्या," एवढंच ती म्हणाली होती.

बाबांचं काम म्हणे. मामाला हसू आलं.

उस्ताद भित्रे होते, असं मामाचं ठाम मत. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, माणूस जागेवर मरू शकतो. म्हणून उस्ताद आधी तो करंट उतरवायचे. शिवाय आत उजवा हात घालताना डावा कायम खिशात. दोन्ही हात टेकले तर करंट छातीतून जातो, हे ते रोज सांगायचे. मामा त्यांना तोंडावर विचारायचा, खिशात अंडी उबवताय का?

 उस्ताद नुसते बघायचे.

मामाने जुनी वायर कापली, सॉकेट बसवलं. मग सगळे व्हॉल्व्ह काढून टेबलावर उभे केले, स्पीकर जोडला, आणि आत करंट नीट येतोय का ते मीटरवर पाहिलं. येत होता. व्हॉल्व्हशिवाय अँप्लिफायर मुका असतो. त्यातून आवाज येणं शक्यच नाही.

तेवढ्यात पंख्याची घरघर ऐकू येईनाशी झाली...

मामाने वर पाहिलं. पंखा फिरत होता.

रस्त्यावरचाही आवाज नव्हता.

आणि स्पीकरमधून आलं... टिंग.

मग... टिंग. टिंग.

मामाने तो आवाज ओळखला. काम संपलं की उस्ताद प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिल हलकेच वाजवून बघायचे. तीनदा.

मामाने टेबलावर पाहिलं. व्हॉल्व्ह ओळीने उभे होते. त्यांना कोणी हात लावत नव्हतं.

त्याने प्लग उपटला.

टिंग. टिंग. टिंग.

घाबरला असता तर बरं झालं असतं. पण मामाला राग आला. मेल्यावरही म्हातारा आपलं काम तपासतोय, हे त्याला सहन होईना. "गप बसा आता," तो म्हणाला. उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो सरळ आत घुसला. कंडेन्सर उतरवला नव्हता. आधारासाठी डावा हात अँप्लिफायरच्या उघड्या पत्र्यावर टेकायला गेला...

हात तिथे पोहोचलाच नाही.

कोणीतरी मनगट धरून तो खाली ओढला. थेट पँटच्या डाव्या खिशात कोंबला.

आणि खिशात...

आधीच एक हात होता.

कोरडा, थंड. अंगठ्यावर भाजल्याचा चपटा, कडक घट्टा. उस्तादांचा अंगठा तरुणपणी वितळलेल्या सोल्डरने भाजला होता, त्यावर असाच घट्टा होता.

त्याच क्षणी उजव्या हातातला स्क्रू ड्रायव्हर कंडेन्सरला लागला. फटाक्यासारखा आवाज झाला, निळा उजेड पडला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळलं होतं. डावा हात पत्र्यावर असता तर मामा आज नसता.

मग खिशातल्या हाताने त्याचा हात सोडला.

मामाने हे मला एकदाच सांगितलं, मान खाली घालून.

"वाचवलं म्हणून मी पाया पडायला तयार होतो रे. पण त्या हातात माया नव्हती. कीवसुद्धा नव्हती. चिखलात पडलेलं फडकं दोन बोटांनी उचलावं आणि टाकून द्यावं, तसं सोडलं त्यांनी मला."

अँप्लिफायर उत्तम चालला. मुलगी घेऊन गेली. मामा तिला काही बोलला नाही.

आता तो कोणाच्या कामाला नावं ठेवत नाही. कंडेन्सर दोनदा उतरवतो. पण डावा हात खिशात घालत नाही, पाठीमागे धरतो. मामीकडून सगळ्या पँटचे डावे खिसे त्याने शिवून घेतलेत.

परवा मामीने मला एक पँट दाखवली. दर मंगळवारी तिला ते टाके पुन्हा घालावे लागतात.

मी नीट पाहिलं. दोरा तुटलेला नव्हता.

टाके आतून उसवलेले होते...