अबोल्याचा उपास

"बोट सुटतेय. चढणार आहात ना?"

हर्षदनं विचारलं तेव्हा ती आगरदांड्याच्या जेट्टीवर अगदी कडेला उभी होती. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, आणि वाऱ्यानं उडणारी ओढणी दातांत धरलेली... त्यामुळे तिनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते काही त्याला कळलं नाही. बोट दिघीला जाऊन परत आली तरी ती तिथंच. मग मुरूडची एसटी लागली, तशी ती निघून गेली.

पुढच्या रविवारीही तेच. बोटीवरचा म्हातारा गणराज म्हणाला, "ती पोर आज बी न्हाय चढली बघ."

हर्षदचं काम तिकिटं फाडायचं आणि बोटीवर गाड्या नीट लावून घ्यायचं. पण त्यानंतरच्या रविवारी ती पुन्हा आली आणि त्याला राहवलं नाही.

"तुम्ही तिकीट काढता आणि बोटीला निरोप देऊन परत जाता. मालकांची काही तक्रार नाही. मलाच आपलं वाटलं, विचारावं."

तिला हसू आलं. हसताना ती खाली बघायची, आणि मग एकदम वर... त्या एकदम वर बघण्यानं हर्षद पुढचं बोलणं विसरला.

तिचं नाव फिलोमिना. कोर्लईची. रेवदंड्याला औषधांच्या दुकानात कामाला होती. पलीकडे दिघीला तिची मोठी बहीण राहायची, ऑलिंडा. आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. फिलोमिनानं एकटीनं सगळं केलं. ऑलिंडा एकदाही आली नाही, आईच्या मातीलासुद्धा नाही. तेव्हापासून दोघींचा अबोला.

"मग आता कशाला जाताय?"

"आमचे उपासाचे दिवस आहेत, ईस्टरपर्यंत. फादर म्हणाले, मटण सोडलं म्हणून मिरवू नका. आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला त्यात काय जड? सोडायचाच तर अबोला सोडा." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "चर्चमध्ये सगळे हसले. मला नाही हसू आलं."

"आणि सोडला कुणी?"

"आमच्या शेजारी दोन जावा आहेत. कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. आता विहिरीवर रोज भांडतात. पण बोलून भांडतात."

"आमच्याकडे सोपं आहे. संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवला की मिटलं."

"खरंच मिटतं?"

हर्षदला थोरला भाऊ आठवला, केतनदादा. तळा गावाकडे त्यांची भातशेती होती. दादानं त्याला न विचारता बैलजोडी विकली, त्यावरून तो घर सोडून इथं आला होता. दोन संक्रांती गेल्या होत्या.

"डब्यात काय आहे?" त्यानं विषय बदलला.

"जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी. तिच्या आवडीची."

"परत नेऊन वाळवण्यापेक्षा..."

"भलतेच धीट आहात तुम्ही."

"धीट नाही, भुकेला आहे."

त्या दिवशी डबा रिकामा होऊन कोर्लईला गेला.

पुढच्या रविवारी तिच्या हातात दोन डबे होते.

"दुसरा कुणाचा?" हर्षदनं अगदी भोळेपणानं विचारलं.

"जेट्टीवर एक भुकेला माणूस असतो. ख्रिस्ती माणसानं त्याला उपाशी ठेवू नये." तिनं डबा पुढे केला. बोटांना बोटं लागली, आणि दोघंही उगाचच समुद्राकडे बघू लागले.

बोट लागली, गाड्या चढल्या. ती मात्र जागची हलेना.

"तिनं दार लावून घेतलं तर?"

"तर परतीच्या बोटीवर मी आहेच."

"तसं नाही हो... मी तिला माफ केलंय का, तेच मला माहीत नाही. रोजच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली' ही ओळ आली की माझी जीभ अडते. मनात राग ठेवून कोणत्या तोंडानं जाऊ?"

हर्षदला प्रार्थनेतलं फारसं कळत नव्हतं. तो सावकाश म्हणाला, "आधी राग जायला हवा, मग माणसाकडे जायचं, असं आहे का तुमच्यात? की गेल्यावर जातो राग?"

तिनं एकदम वर पाहिलं. आणि बोटीवर पाय ठेवला.

ऑलिंडाचं घर दिघीच्या जेट्टीला लागूनच होतं, अंगण बोटीवरून दिसायचं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. बहिणीला पाहून तिच्या हातातली चादर खाली पडली. दोघी कोर्लईच्या घरच्या, पोर्तुगीज वळणाच्या बोलीत बोलत होत्या. हर्षदला शब्द कळत नव्हते. आधी फिलोमिनाचा आवाज चढला, मग ऑलिंडा खाली मान घालून बराच वेळ काही सांगत राहिली. शेवटी फिलोमिनानं वाकून चादर उचलली, झटकली, आणि एक टोक बहिणीच्या हातात दिलं.

उन्हं कलली तेव्हा ती परत आली. डोळे सुजलेले होते, चेहरा मात्र हलका.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आईला तशी बघायची हिंमत झाली नाही." ती कठड्याला टेकली. "मला ते अजून पटलेलं नाही. पण तिच्या हातचं जेवले. ईस्टरला येणार आहे घरी."

बोट निघाली. हर्षदनं भराभर तिकिटं फाडली आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"म्हणजे आता तुमचं इकडचं काम संपलं..."

"बहीण इकडेच आहे. येत राहीन."

"मला वाटलं, माझ्यासाठी याल."

ती लाजली, पण नजर हटवली नाही. "हर्षद, माझं चर्च, माझी प्रार्थना... ते मी कुणासाठी सोडणार नाही."

"सोडू नकोस. तू आज जे केलंस, ते मी बोटीवरून बघितलं. असं माणूस घरात असावं, एवढंच वाटलं." 'तू' कधी तोंडून गेलं, त्यालाही कळलं नाही.

"तुझ्या घरचे काय म्हणतील?"

"आईचं सांगता येत नाही, वेळ लागेल. पण केतनदादाला सांगितलं. मघाशी फोन केला."

"दादाला? तू तर बोलत नव्हतास..."

"तोही तेच म्हणाला. दोन वर्षांनी फोन केलास, आणि तोही एका मुलीसाठी?"

"मग?"

"म्हटलं, मुलीसाठी नाही दादा. मुलीमुळे."