माइक चालू राहिला

त्यांची टक्कर झाली ती दुकानाच्या दारातच. ती घाईघाईने बाहेर निघाली होती, तो छातीशी खोकं धरून आत येत होता, आणि पुढच्या क्षणी खोक्यातल्या कॅसेट फरशीभर पसरल्या.

"बघून चालता येत नाही का?" हे खरं तर त्याने म्हणायचं. म्हणाली ती!

"चुकलंच माझं," खाली बसून कॅसेट गोळा करत तो म्हणाला. "दुकानात शिरायला सरळ दारच वापरलं."

तिला हसू फुटलं. बाहेरचं काम बाहेरच राहिलं आणि ती त्याच्याबरोबर कॅसेट वेचायला बसली.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी टिकली तर शपथ! आत्याच्या या दुकानात ती जुन्या टेपांवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची. कुणाचं निरोपाचं भाषण, कुणाच्या बाळाचे बोबडे बोल. हा गडी निघाला जमीन मोजणारा. सहा महिने डोंगरात मोजणीला जायचं होतं, तिथे फोनला रेंज नाही. म्हणून त्याने बटणांचा एक चिमुकला प्लेअर घेतला होता आणि त्यात त्याला आजोबांचं व्हायोलिन हवं होतं.

"आजोबा मोठे वादक होते?"

"छे हो! पोस्टात होते. वाजवता वाजवता मांजरावर ओरडायचे. ते कापू नका हं… तेही हवंय मला."

टेपचं एक असतं. ती जेवढ्या वेळाची, तेवढा वेळ ती वाजू द्यावी लागते, तेव्हा कुठे तिची फाईल तयार होते. लोक टेपा ठेवून जातात आणि आठवड्याने उगवतात. हा मात्र ऑफिस सुटलं की यायचा आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर ठाण मांडायचा.

"तुम्ही घरी गेलात तरी टेप वाजेल," ती एकदा म्हणाली.

"वाजेल. पण लक्ष ठेवायला नको?"

"टेपवर?"

"…टेपवरच," तो म्हणाला आणि छताचा पंखा पहिल्यांदाच दिसल्यासारखा वर बघत बसला.

आणि गंमत म्हणजे, भिंगरीसुद्धा संध्याकाळ संध्याकाळ खुर्चीत बसून राहू लागली. आत्या चष्म्यावरून दोघांकडे बघायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची.

असं करता करता त्याच्या निघायचा दिवस उजाडला. एकच टेप उरली होती. सकाळी भिंगरीने एका दातांच्या डॉक्टरांच्या फोनवर ऐकवायला माइकवर 'कृपया थांबा' रेकॉर्ड करून दिलं आणि लगेच ती टेप लावली. एरवी ती कानाला हेडफोन लावून आवाज नीट उतरतोय ना, हे तपासायची. आज तिने हेडफोनला हात लावला नाही. ते व्हायोलिन कानावर पडलं असतं तर तिला रडूच आलं असतं. टेप फिरत होती, तेवढं तिला पुरे होतं. तो सामान बांधायला गेला होता आणि ही दुकानात येरझाऱ्या घालत होती.

"अगं, बस की! काय झालंय तुला?" आत्या वैतागली.

"काय व्हायचंय? तो चाललाय, आत्या! मला तो आवडतो… इतका आवडतो की मला धड बसवत नाही, जेवण जात नाही. त्या मेल्या मांजराचासुद्धा लळा लागलाय मला!"

"मग सांग त्याला."

"जीव गेला तरी नाही सांगणार."

दुपारी तो आला. तो प्लेअर फाईली ज्या क्रमाने भराव्या त्याच क्रमाने वाजवायचा, म्हणून तिने त्या एकेक करून आत टाकल्या. हवा होता त्याहून बराच जास्त वेळ लावून टाकल्या. प्लेअर देताना बोटांना बोटं लागली.

"येतो," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली. झालं, एवढंच.

तो गेला आणि तिला वाटलं, आता रडायला हरकत नाही. तिने कॉम्प्युटरवर शेवटची फाईल लावली. व्हायोलिनचा पत्ता नव्हता. "त्या मेल्या मांजराचासुद्धा लळा लागलाय मला!" तिचाच आवाज दुकानभर घुमला.

सकाळचा माइक तसाच चालू राहिला होता आणि कॉम्प्युटर टेपऐवजी त्याचंच ऐकत बसला होता! टेपचा आवाज फाईलमध्ये उतरलाच नव्हता, उतरलं होतं ते आत्यापुढे केलेलं सगळं रडगाणं. आत्या पोट धरून हसत सुटली. भिंगरीने सायकल काढली.

त्याच्या ऑफिसच्या आवारात माणसं जीपमध्ये मोजणीच्या तिवया चढवत होती. तो पायरीवर बसला होता, कानात इअरफोन. तिने सायकल तशीच टाकली आणि ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"कितवी… कितवी ऐकताय?"

"पहिलीच. का हो?"

"द्या इकडे! शेवटची बिघडलीय."

त्याचा चेहरा उतरला. "शेवटची? ती आजोबांनी खास माझ्यासाठी वाजवली होती…"

"टेप शाबूत आहे. चूक माझी आहे. फाईलमध्ये भलतंच उतरलंय."

"भलतंच म्हणजे?"

"मी."

"तुम्ही व्हायोलिन वाजवता?"

"बोलतेय मी. आत्याशी."

"मग राहू द्या की. डोंगरात बोलायला कोण आहे मला?"

"मुळीच नाही!" तिने प्लेअर ओढून घेतला आणि शेवटच्या फाईलवर जाऊन बटण दाबलं. फाईल पुसली गेली. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. आता त्याच्याबरोबर त्याची ती लाडकी टेपही जाणार नव्हती आणि तिचा आवाजही नाही. जीप सुरू झाली. ड्रायव्हरने हाक मारली.

"एवढं होतं तरी काय त्यात?" त्याने विचारलं.

तिने डोळे मिटून घेतले. "मला तुम्ही… आवडता. खूप. हे होतं."

त्याने कानामागे हात धरला. "काय? गाडीच्या आवाजात काही कळेना!"

"मला तू आवडतोस!" ती ओरडली, आणि नेमकं त्याच क्षणी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तिवया उचललेली माणसं जागच्या जागी थबकली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

तो जवळ आला. प्लेअर घेताना त्याने तिची बोटंही हातात धरली आणि सोडली नाहीत.

"मला व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नाही," तो हळूच म्हणाला. "मग रोज त्या स्टुलावर मी कुणासाठी बसत होतो, असं वाटतं तुला?"

तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं.

"आणि ऐकलं होतं गं… तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच."

"मग मला एवढं ओरडायला का लावलंस?"

"सहा महिने पुरायला हवं ना!"