उरलेल्या ओळी

स्लाइड आडवी असते आणि पान उभं. एवढंसं दुखणं, पण त्याच्यापायी बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. व्याख्यान देणारा व्यासपीठावर हातवारे करत बोलतो, मागच्या पडद्यावर मोठाल्या अक्षरांत चार शब्द झळकतात, लोक टाळ्या वाजवून चहाला जातात, आणि मग कुणाला तरी वाटतं की हे छापून यायला हवं. तो सगळा आडवा पसारा उभ्या पानात कोंबायचं काम बाईंच्या टेबलावर येऊन पडायचं. कडेची चित्रं कापायची, बाणांची तोंडं वळवायची, एका स्लाइडवर ऐसपैस बसलेले सहा मुद्दे एका बारीक कॉलममध्ये दाटीवाटीने बसवायचे. छप्पन्नाव्या वर्षी हे सगळं त्यांची बोटं आपोआप करत. डोकं दुसरीकडेच असे.

डॉक्टरांच्या एका संघटनेचं त्रैमासिक निघायचं, त्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत संपादक बसत, दुसरीत बाई, त्यांचा संगणक आणि पान ओढताना म्हाताऱ्यासारखा खोकणारा प्रिंटर. बाईंच्या हाताशी एक स्टीलची पट्टी कायम असे. ती पडद्यावर आडवी धरून त्या मजकूर झाकायच्या आणि ओळींची टोकं तेवढी बघायच्या. मजकूर वाचायचा नाही, मापायचा, हा त्यांचा नियम होता. वाचायला लागलं की जीव गुंततो आणि पान लागत नाही. एवढे आजार हाताखालून गेले होते की त्या अर्ध्या डॉक्टर व्हायला हव्या होत्या, पण साध्या सर्दीवर काय घ्यायचं हेही त्यांना सांगता आलं नसतं.

सोमवारी दुपारी असंच एक व्याख्यान आलं. परगावच्या कुणा डॉक्टरांचं, विसरण्याच्या आजारावर. एकतीस स्लाइड. संपादकांनी दारातूनच सांगितलं की चार पानं मिळतील, पाचवं मागू नका, बाकीचा अंक लागून झालाय.

विषय ऐकून बाईंनी फाइल न उघडताच बाजूला ठेवली. घरी तेच चाललं होतं. त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. आसपासच्या दुकानांवरची निम्मी अक्षरं त्यांच्या हातची, म्हणून सगळे त्यांना पेंटरच म्हणत. वर्षभरापासून ते विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग गॅस, मग एकदा पिशवी घेऊन शेजारच्याच इमारतीत शिरले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना माझं घर उघडा म्हणून बसले. बाईंना धास्ती एकाच गोष्टीची होती. बाकी सगळं विसरू दे, मला विसरायला नको, असं त्या मनातल्या मनात म्हणत. हा स्वार्थ आहे हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना जराही लाज वाटत नव्हती.

अजून तरी तो दिवस आला नव्हता. सहाच्या सुमाराला त्या बसमधून उतरल्या की पेंटर थांब्यावर उभे असायचे. हातातली पिशवी घ्यायचे. डाव्या टाचेने फरफटत चालायची बाईंची सवय, त्यांच्या सगळ्या चपला तिथेच झिजत, त्यावरून दोन शब्द ऐकवायचे. मग जिना. शिडीवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे पायऱ्या मोठ्याने मोजायची खोड होती. वर पोचल्यावर म्हणायचे, "एक्कावन्न. पोचलो, कॉलमबाई." बाई लग्नात सडसडीत आणि ताठ होत्या, तेव्हाचं हे नाव. घराबाहेर ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी बाईंनी काम हातात घेतलं. आठ स्लाइड सरळ बसल्या, नवव्या स्लाइडवर गाडी अडली. तिच्यावर दोन याद्या होत्या, रुग्ण अ आणि रुग्ण आ, आणि बटण दाबलं की यादीतली एकेक ओळ विरून जात होती. कागदावर कसलं काय विरतंय. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर गडबडीत होते. ते म्हणाले, बाकीच्या लेखातल्या शब्दाला हात लावू नका, याद्यांतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते जागा बघून तुमचं तुम्ही ठरवा.

बाईंनी दोन्ही याद्या एकाच कॉलममध्ये एकाखाली एक लावल्या. चार ओळींची जागा कमी पडत होती. रुग्ण अच्या यादीतल्या ओळी लांब होत्या, प्रत्येकीचा एखाद-दुसरा शब्द खालच्या ओळीत लटकत होता. असल्या दोन काढल्या की चार ओळी सुटतात. बाईंनी पट्टी धरली, लटकणाऱ्या दोन निवडल्या, काढून टाकल्या.

त्या संध्याकाळी पेंटर गुपचूप जिना चढले. बाईंना आधी ते लक्षातच आलं नाही, कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. वर पोचल्यावर त्यांनीच हसत म्हटलं, "एक्कावन्न."

"काय एक्कावन्न?" पेंटरांनी विचारलं.

बुधवारी संपादकांनी संदर्भांची यादी पाठवली, ती सोडून चालणार नव्हतं. पुन्हा चार ओळी हव्या होत्या. बाईंनी पुन्हा पट्टी धरली आणि रुग्ण अच्या आणखी दोन लटकत्या ओळी उडवल्या. रोज संध्याकाळी घरी आल्यावर चहा पेंटर करत आणि निवायला नको म्हणून बाईंच्या कपावर बशी झाकून ठेवत. त्या दिवशी ते चहाचा डबा हातात धरून ओट्याशी उभे राहिले, कुणी काही सांगेल अशी वाट बघत असल्यासारखे. बाईंनी डबा हातातून काढून घेतला. ते बाजूला झाले आणि अदबीने म्हणाले, "तुम्ही बसा ना."

तेहेतीस वर्षांत ते बाईंना कधी तुम्ही म्हणाले नव्हते. बाईंना जेवण गेलं नाही.

गुरुवारी प्रिंटरने खोकून पान बाहेर टाकलं तेव्हा बाई नुसत्याच बसून होत्या. टेबलावर मंगळवारचं, ओळी काढण्याआधीचं जुनं प्रूफ आणि हे नवं प्रूफ शेजारी शेजारी पडलं होतं. अंगात त्राण नव्हतं, पट्टी उचलायचाही कंटाळा आला होता, आणि त्या भरात नियम मोडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. रुग्ण अ. पुरुष, वय सदुसष्ट, व्यवसाय पाट्या रंगवणे. खाली जुन्या प्रूफात होत्या आणि नव्यात नव्हत्या अशा चार ओळी होत्या.

जिना चढताना पायऱ्या न चुकता मोठ्याने मोजतो.

रंगाच्या डब्याचं झाकण लावल्यावर ते दोनदा तपासतो.

संध्याकाळी पत्नीच्या चहाच्या कपावर बशी झाकून ठेवतो.

पत्नीला लग्नातल्या लाडाच्या नावानेच हाक मारतो.

खालची रुग्ण आची यादी त्यांनी वाचली नाही, तेवढा धीरच उरला नव्हता. त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, हे रुग्ण तुमच्या दवाखान्यातले का? डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, ते कुणीच नाहीत. शिकवायला सोपं जावं म्हणून मीच मनाने लिहिलेत."

बाई शहाण्यासुरत्या होत्या. त्यांनी स्वतःला समजावलं की म्हातारी माणसं पायऱ्या मोजतातच, आणि हा आजार सगळीकडे सारखाच. समजावून झाल्यावर त्यांनी पहिली ओळ, पायऱ्यांची, जागेवर परत ठेवली. कॉलमच्या तळाशी लाल चौकोन उमटला. मजकूर मावत नसला की तो उमटतो. उमटू दे, म्हणून त्या निघाल्या.

पेंटर थांब्यावर होते. त्यांनी पिशवी घेतली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "एक."

ते मोजत चालले तसं बाईंना पुढे चढवेना. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. पेंटर दोन पायऱ्या वर जाऊन थांबले होते. ते खाली बघत म्हणाले, "चौतीसवर का बसलात? अजून सतरा आहेत."

त्या एका "बसलात"ने बाईंचा निश्चय झाला.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला फाइल छापखान्यात जायची होती. बाईंनी सकाळीच रुग्ण अच्या उरलेल्या तिन्ही ओळी परत ठेवल्या. आता एकूण आठ ओळी जास्त झाल्या. त्यांनी शीर्षक बारीक केलं. डॉक्टरांचा फोटो पासपोर्टच्या फोटोपेक्षा छोटा केला. ओळींमधलं अंतर आवळलं, समास खाल्ला. असं करत दोन ओळी सुटल्या. सहा काही केल्या सुटेनात. संपादकांना जाऊन विचारलं, लेखातलं एखादं वाक्य काढता येईल का? ते म्हणाले, "ताई, संपादक मंडळाने पास केलाय तो. एक शब्द नाही." मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. बाई हो म्हणाल्या.

तीन वाजले. लाल चौकोन तसाच होता.

हात लावण्यासारखी एकच जागा राहिली होती, रुग्ण आची यादी. सात छोट्या ओळी, एकेका ओळीत मावणाऱ्या. बाईंना आता आपण काय करतोय हे पक्कं कळत होतं. कुठेतरी कुणी बाई असेल. कुणाची बायको, कुणाची बहीण. तिचं आपण काहीतरी काढून घेणार आहोत. वाचलं तर हात उचलणार नाही, म्हणून त्यांनी पट्टी उचलून पडद्यावर आडवी धरली. पट्टीच्या वर यादीच्या शीर्षकातलं तेवढं दिसत होतं, स्त्री, वय छप्पन्न. बाईंनी त्या बाईची मनोमन माफी मागितली आणि पहिली ओळ काढली.

काही झालं नाही. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं.

दुसरी काढली. तिसरी काढताना नेहमीचं बटण सापडेना. बोटं पाठ असलेल्या जागेवर गेली आणि तिथे थांबून राहिली. थकवा, दुसरं काय. त्यांनी बटणांवरची अक्षरं एकेक वाचून ते शोधलं.

चौथी.

हातात एक स्टीलची पट्टी होती. कुणीतरी आपल्या टेबलावर विसरून गेलंय, असं बाईंना वाटलं. चांगली होती, जड. ज्याची असेल तो शोधत येईल.

पाचवी.

"ताई," संपादक दारातून म्हणाले, "झालं का?" बाईंनी मागे वळून पाहिलं, ते कुणाला बोलतायत म्हणून. मागे भिंत होती.

सहावी.

लाल चौकोन गेला. पान चांगलं लागलं होतं. सगळे कॉलम तळाशी एका रेषेत आले होते, आणि ते बघून बाईंना उगाचच समाधान वाटलं. संपादकांनी फाइल पाठवली आणि म्हणाले, आता घरी जा, दोन दिवस विश्रांती घ्या.

थांब्यावर माणसं बसमध्ये चढत होती म्हणून बाईही चढल्या. खिडकीतून दुकानं जात होती. कितीतरी पाट्यांवरची अक्षरं एकाच हातची वाटत होती, गोल, टपोरी. एका ठिकाणी कंडक्टरने हाक मारली, "मावशी, तुमचा स्टॉप आला." रोज कुणाला तरी तिथे उतरवत असावा. बाई उतरल्या.

एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. त्यांच्या नखांच्या कडांना निळा रंग होता. त्यांनी सरळ बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "आज उशीर केलास, कॉलमबाई."

बाईंना वाईट वाटलं. दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत होते बिचारे. वय झालं की असं होतं. चारचौघांत त्यांची चूक कशाला दाखवायची, आणि म्हाताऱ्या माणसाला घरापर्यंत सोबत केली तर बिघडतंय काय, म्हणून त्या त्यांच्या बरोबर चालल्या. जिना चढताना गृहस्थ मोठ्याने पायऱ्या मोजत होते. ऐकायला छान वाटत होतं. एक्कावन्नला ते थांबले, कुलूप उघडलं, आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला.

बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. कुणी या म्हटल्याशिवाय परक्या घरात कसं शिरायचं?

थोड्या वेळाने गृहस्थ दोन कप घेऊन दाराशी आले. एकावर बशी झाकलेली होती. "अगं, अशी बाहेर काय उभी?" ते म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि बशी कपावर किणकिणायला लागली.

"चहा नको," बाई म्हणाल्या. "निघते मी. घरी वाट बघत असतील."

जाता जाता त्यांनी खाली पाहिलं. दाराशी गृहस्थांच्या चपलांशेजारी बायकी चपलांचा एक जोड नीट लावून ठेवला होता, डाव्या टाचेला झिजलेला. म्हणजे घरात कुणी बाई आहे. ह्यांचं बघायला कुणीतरी आहे म्हणून त्यांना हायसं वाटलं.