बिननावाचे हात

आधी भेट झाली ती दोन चटयांची.

विणकामाच्या ऑनलाइन वर्गात रारोटोंगा बेटावरच्या तेकुराबाईंनी दोन फोटो शेजारीशेजारी लावले. एक चटई फिजीतल्या सुवाच्या वासेमाकाची, दुसरी टोंगातल्या सेमिसी नावाच्या शिक्षकाची. दोन्हींत तिसऱ्या ओळीत केवड्याची एक पात दोन पातींवरून उडी मारून गेली होती. तीच चूक, त्याच जागी.

"वर्गाबाहेर कुणाकडून काय शिकलात, त्यांचं नाव लिहायचं होतं," बाई म्हणाल्या. "सेमिसी, तुमचा रकाना कोरा आहे. शुक्रवारपर्यंत दोघांनी खुलासा करा. नाहीतर प्रमाणपत्र कुणालाच नाही."

प्रमाणपत्राशिवाय वासेमाकाला शाळेत विणकाम शिकवायची नोकरी मिळणार नव्हती. संध्याकाळी पत्र्यावर पाऊस वाजत असताना तिनं सेमिसीला फोन लावला. पडद्यावर चेहरा आला तो भोळा... जरा जास्तच भोळा.

"माझी चटई कुठून उचललीत?"

"उचलली नाही, शिकलो. आपल्या वर्गाच्या गप्पांच्या पानावर एक व्हिडिओ होता. नुसते हात दिसतात. चेहरा नाही, नाव नाही."

"बरं सोयीचं आहे."

"कसलं सोयीचं? तीन महिने सगळ्या बेटांवरच्या लोकांना विचारतोय, हे हात कुणाचे. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे..."

वासेमाकानं झटकन बाही खाली ओढली. लाजून, नाव न घालता, तो व्हिडिओ तिनंच टाकला होता. ते सेमिसीला दिसलं. त्यानं मुद्दाम नजर दुसरीकडे वळवली, आणि तेच तिला जास्त संशयास्पद वाटलं.

"पण ती उडी?" तिनं दरडावून विचारलं. "ती माझ्या हाताची जुनी खोड आहे. चूक आहे हे कळू नये?"

"चूक?" तो गडबडला. "मला वाटलं, फिजीची रीत. इथल्या बारा मावश्यांना शिकवलीय मी. आता मी उडी विसरलो की त्याच माझे कान उपटतात."

तिनं ओठ दाबून हसू अडवलं.

"आता नाव लिहितो," तो म्हणाला. "वा-से-मा-का. खाली आणखी एक रकाना आहे — शिकवणाऱ्याशी नातं. तो तुम्हीच सांगा."

"लिहा — ती गुरू, मी संशयित."

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

"हे नातं... नंतर बदलता येतं का?"

वासेमाकानं बाही हळूच वर सारली.

"शुक्रवारपर्यंत येतं," ती म्हणाली. "रोज फोन करून विचारत जा तू."