वाकडं नसलेलं पान

माणसाचा चेहरा सरळ नसतो. हा उपदेश नाही, धंद्यातली गोष्ट आहे. चष्म्याच्या दुकानात बसायला लागलं की थोड्याच दिवसांत कळतं, प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली असतो, एक भुवई वर चढलेली असते आणि नाक कुठल्या तरी एका बाजूला कललेलं असतं. फ्रेम मात्र कारखान्यातून सरळ येते. सपाट काचेवर ठेवली तर जरासुद्धा डुगडुगत नाही. मग गिऱ्हाईक समोर बसतं, मी फ्रेमची कानावरची एक काडी गरम हवेवर धरून किंचित वाकवतो, आणि वाकड्या चेहऱ्यावर वाकडा केलेला चष्मा सरळ दिसायला लागतो. आमची सगळी कला एवढीच.

बायको मला अशीच भेटली. चष्मा घ्यायला आली होती. तिचा डावा कान तांदळाच्या दाण्याएवढा खाली आहे, आणि हसली की खळी पडते ती फक्त डाव्या गालावर. ती बघायला मिळावी म्हणून मी गरज नसताना काडी पुन्हा पुन्हा वाकवत बसलो. तेव्हापासून तिचे सगळे चष्मे मीच वाकवतो, तेही डोळे मिटून. तो बाक माझ्या बोटांना पाठ आहे.

आता दुकानाचा गल्ला तीच सांभाळते. उभी राहते ती माझ्या डाव्या हाताला, कारण लहानपणी उजवा कान फुटला तेव्हापासून मला त्या बाजूने काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मला शिव्या घालायच्या असल्या की ती मुद्दाम उजवीकडे येते, काहीतरी पुटपुटते आणि हसते.

"काय म्हणालीस?"

"तुला ऐकू आलं नाही ते."

तर अशा वाकड्या संसारात बेगोनियाची रोपं आली, यात नवल नाही. दुकानामागच्या खोलीत, जिथे मी काचा घासतो, तिथल्या खिडकीतून दिवसभर मऊ उजेड येतो, ऊन येत नाही. फ्रेमा ठेवायचं जुनं काचेचं कपाट मी त्यांना देऊन टाकलं. फुलांसाठी नाही, पानांसाठी. चांदीचा मुलामा दिल्यासारखी, वाईनच्या रंगाची, काळ्या मखमलीवर हिरवे ठिपके असलेली पानं. आणि प्रत्येक पान तिरकं. देठाच्या एका बाजूला मोठा पसारा, दुसऱ्या बाजूला आखूड. काही जातींत हा तिरकेपणा कमी, काहींत जास्त, पण दोन्ही अंगं तंतोतंत जुळलेलं पान मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच माझा त्यांच्यावर जीव जडला. बायको त्यांना 'माझ्या सवती' म्हणायची.

बेगोनियाला बी लागत नाही असं नाही, पण आम्ही हौशी लोक पानापासूनच रोप करतो. पानाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात एक जाड शीर ठेवायची, ओल्या शेवाळावर टाचून झाकून ठेवायचं. शीर जिथे कापली तिथूनच बारीक रोप वर येतं. एका पानात अख्खी बाग असते.

त्या दिवशी मी एका साध्या चंदेरी जातीच्या तुकड्यांवरचं झाकण काढलं. एका रोपाने नवं पान उघडलं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. मी बघत राहिलो. मग पारदर्शक कागद आणला, पानाची कड गिरवली, मधल्या शिरेवर कागद दुमडला आणि खिडकीशी धरला.

दोन्ही कडा एकमेकींवर बसल्या. शिरा शिरांवर. ठिपक्यांवर ठिपके.

माझा आनंद गगनात मावेना. ज्या गोष्टीवर जीव असतो तिच्या नेमकं उलट काही सापडलं की संग्राहकाला तेच हवंहवंसं होतं; आमची जातच तशी. मी बायकोला हाका मारत सुटलो. पुढे गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला तसंच टाकून ती आली.

"अगं, जगात नसेल असं पान! झाडांच्या प्रदर्शनात नवीन जात म्हणून लावतो. तुझं नाव देतो हिला."

तिने वाकून पाहिलं. "माझं नको. मी इतकी सरळ कुठे आहे?" आणि डाव्या गालावर खळी.

मी ऐकणार थोडाच. नाव तिचंच द्यायचं, हे मी ठरवून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले. एकदा तरी तिचं नाव पाटीवर, रोपाच्या पायाशी, लोकांनी वाकून वाचावं असं मला फार वाटत होतं.

प्रदर्शनवाल्यांची अट होती की नवी जात दुसऱ्यांच्या घरीही तशीच टिकली पाहिजे. म्हणून पान मोठं झाल्यावर मी त्याचे तुकडे केले. एक दिला गाणं शिकवणाऱ्या बाईंना, ज्या आमच्या हौशी मंडळात सगळ्यात जुन्या. दुसरा माझ्या शाळेतल्या मित्राला. तो दातांचा डॉक्टर आहे, आम्ही त्याला दातवाला म्हणतो आणि तो मला भिंग्या म्हणतो.

"लेका भिंग्या," तो म्हणाला, "कुत्र्याचं शेपूट नळीतून काढलं की पुन्हा वाकडं. तुझं पानही तसंच होणार, बघ."

झालं नाही. आधी बाईंचा फोन आला, "अहो, सरळ आलं हो!" मग दातवाल्याने त्याच्या पानाचा फोटो पाठवला. मला भूक लागेना. चष्म्याच्या पावत्यांवर मी पानं काढत बसायचो. बायको म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पण पाणी फवारायला तीच जायची. सवतींना ढुंकून न बघणारी माझी बायको त्या रोपापाशी मात्र बराच वेळ उभी राहायची.

प्रदर्शन जवळ आलं तेव्हा बाई दुकानात आल्या.

"काय हो, चष्मा वाकडा बसायला लागलाय."

मी तो सपाट काचेवर ठेवला. जसा मी वाकवून दिला होता तसाच होता. बाईंचा उजवा कान चांगलाच वर, त्यामुळे त्यांच्या फ्रेमला मी भक्कम बाक दिलेला. घातला तर एक काच खाली, एक वर. मी काडी गरम करून बाक थोडा कमी केला. तरी तिरका. आणखी कमी केला. शेवटी फ्रेम काचेवर डुगडुगायची थांबली, तेव्हा कुठे बाईंच्या नाकावर ती नीट बसली.

"वा," त्या आरशात बघून म्हणाल्या. "तुमच्या हाताला तोड नाही."

माझ्या डोक्यात प्रदर्शनच होतं.

मग दातवाला आला. शाळेत चेंडू लागून त्याचं नाक मोडलं होतं. मी तेव्हा मैदानावरच होतो. त्याच्या फ्रेमला नाकावरचा एक पॅड मी कायम आत दाबून देतो. तो तक्रार करत होता की पॅड रुततोय. मी तो बाहेर ओढला, दुसऱ्याच्या बरोबरीला आणला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

नाक सरळ होतं.

"सगळे म्हणतात, तरुण दिसायला लागलास," तो खुशीत म्हणाला. "भांग तर आपोआप मधोमध पडतो."

"नाकाचं ऑपरेशन केलंस?"

"कसलं ऑपरेशन? डोकं फिरलंय का तुझं?"

तो गेला. मी मागच्या खोलीत जाऊन रोपासमोर बसलो. आता ते टोपलीएवढं पसरलं होतं, उजव्या बाजूला जितकी पानं तितकीच डाव्या बाजूला, चांदी अशी की खोली उजळावी. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला आधी आनंदच झाला. उद्या हे लोकांना दिसणार. मग पुढून बायकोचा आवाज आला.

"अरे, माझा चष्मा बघ ना. डावीकडून सैल झालाय."

मी तिच्याकडे न बघताच चष्मा घेतला. गेले कित्येक दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. काडी गरम हवेवर धरली. बोटांना पाठ असलेला तो बाक, पहिल्या भेटीतला, मी माझ्याच हातांनी काढला. फ्रेम काचेवर ठेवली. ती स्थिर राहिली. मला रडू येत होतं.

तिने चष्मा घातला. अगदी बरोबर बसला.

"काय बघतोस असा?" ती हसली.

खळी डाव्या गालावर पडली. उजव्या गालावरही पडली.

मी बाईंना फोन लावला. म्हटलं, ते रोप टाकून द्या, रोग आहे त्याला.

"अहो, मी तर माझ्या सगळ्या मुलींना तुकडे वाटले," बाई म्हणाल्या. "इतकं सुंदर पान, एकटीने काय ठेवायचं? आणि गंमत सांगू, सगळ्या आता एकाच पट्टीत गातात."

मी फोन ठेवला. किटलीत पाणी उकळलं आणि सगळं त्या कुंडीत ओतलं.

पानांनी मान टाकली. दोन्ही बाजूंनी, एकदम.

बायको धावत आली. मी स्टुलावर बसलो होतो, किटली हातात. मला वाटलं, आता ती ओरडेल. तसं काही झालं नाही. तिने किटली काढून घेतली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझं डोकं छातीशी धरलं.

"तुझं नाव द्यायचं होतं गं त्याला," मी म्हणालो.

"असू दे. होतं असं."

माझा डावा कान तिच्या छातीच्या डाव्या बाजूला टेकला होता. आत ठोके पडत होते, नेहमीसारखे, जिथे पडायला हवेत तिथेच. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले. खळीचं काय, वयाने चेहरा बदलतो. रोप तर मेलं होतं.

मग तिने दोन्ही हातांनी माझं डोकं उचललं, तान्ह्या बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तसं, आणि छातीच्या उजव्या बाजूला टेकवलं.

तिथेही ठोके पडत होते.

ते मी उजव्या कानाने ऐकत होतो.