चहाच्या रांगेतले सैनिक

“तुम्ही डॉक्टर आहात का?” दुकानदाराने विचारलं.

“नाही.”

“मग कवळ्या बनवता?”

“नाही. मला भिंत बनवायची आहे.”

मेणाच्या पट्ट्या निवडता निवडता माझा हात थांबला. दातांच्या डॉक्टरांना सामान पुरवणाऱ्या त्या दुकानात भिंतीसाठी कुणी येत नाही. माझ्या शेजारी निळ्या गणवेशातला एक माणूस उभा होता. खिशाला स्क्रूड्रायव्हर, मनगटावर ग्रीसचा काळा डाग.

“बांधकामाचं सामान पुढच्या गल्लीत मिळेल,” दुकानदार म्हणाला.

“ते जाडंभरडं असतं. माझी भिंत एवढीच आहे.” त्याने वीत दाखवली. “आणि तिच्यावर गोळ्यांच्या खुणा हव्यात. बारीक.”

“कसल्या गोळ्या?”

“बंदुकीच्या.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबलं आणि म्हणाले, “त्यांना प्लास्टरचं एक पाकीट द्या. आमच्या लॅबच्या नावावर लिहा.”

बाहेर फुटपाथवर त्याने मला माझी पिशवी धरू दिली नाही आणि स्वतःचं पाकीटही नीट धरलं नाही. “तुम्ही विचारलं नाहीत, कसली भिंत ते.”

“मी दात बनवते. जो तो विचारतो, कसले दात. म्हणून मी कुणाला विचारत नाही.”

“विचारा की.”

“बरं. कसली भिंत?”

मग त्याने सांगितलं. नदीकाठी सैन्याचा तळ, एक ट्रक, तंबूखाली स्वयंपाकाची चूल, अर्धवट पडलेली भिंत, आणि चहासाठी रांगेत उभे असलेले सैनिक. सगळं एकास पस्तीस या प्रमाणात. म्हणजे माणूस बोटाच्या दोन पेरांएवढा.

“आणि लढाई?”

“ती आदल्या दिवशी झाली. ही दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे.”

हे उत्तर मला आवडलं. मी त्याला सांगितलं की पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही. वाटी टेबलावर हलकेच आपटत राहायची, नाहीतर बुडबुडे येतात.

“आणि आले तर?”

“तर आमची लॅब समोरच्या इमारतीत आहे. दुसरा मजला.”

बुडबुडे आले. ते त्याने मुद्दाम आणले होते, हे त्याने पुढे कबूल केलं. त्या दिवशी मात्र भोकं पडलेली भिंत दोन्ही हातांत धरून तो आमच्या दारात उभा राहिला, आणि मी तिच्यावर फार गंभीरपणे बोलले.

*

माझं काम असं, की डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, मी त्यावर दात घडवते आणि ते परत जातात. कुणाचा सुळा थोडा वाकडा होता, कुणाला विडीचा पिवळा रंग हवा, हे मला ठाऊक असतं. माणूस कधी दिसत नाही. इतक्या वर्षांत मी किती तरी लोकांना हसायची सोय करून दिली, त्यातलं एकही हसू मी पाहिलेलं नाही.

घरी दादा, वहिनी आणि भाचा. माझी खाट हॉलमध्ये, रात्री उघडायची, सकाळी मिटायची. वहिनी प्रेमळ होती, पण टीव्हीचा आवाज कमी करताना ती “आत्याला झोपायचंय” असं भाच्याला ज्या सुरात सांगायची, त्या सुरात मी पाहुणी होते. त्या घरात माझी म्हणावी अशी एकच जागा होती, खाटेखालची बॅग.

म्हणून त्याने “भिंत कुठे बसते ते बघायला या” म्हटलं तेव्हा मी विचार न करता गेले.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीत एकटा लोंबकळत असायचा. घरी फक्त वडील. ते सैन्यात आचारी होते, आता गुडघ्यांमुळे खिडकीजवळच्या खुर्चीत. मी आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, “दातवाल्या बाई याच का? बसा. माझ्या कवळीकडे बघू नका, ती दुसऱ्या कुणीतरी केलीय.”

“दिसतंय,” मी म्हणाले.

बाबा इतके हसले की कवळी खरोखरच सुटली.

खोलीच्या मधोमध मोठं टेबल होतं आणि त्यावर ती सकाळ मांडलेली. चिखलात ट्रकच्या चाकांचे माग. चुलीवर माझ्या नखाएवढी किटली. माझी भिंत. आणि सैनिक... सगळे पाठमोरे. नाहीतर मान खाली, नाहीतर टोपी नाकापर्यंत.

“यांना तोंडं नाहीत?”

तो टेबलाच्या कडेवरचा नसलेला डाग पुसू लागला. “जमत नाहीत मला. बाकी सगळं जमतं.”

“मला ब्रश द्या,” मी म्हणाले.

पहिला चेहरा मी जीव ओतून रंगवला. तो सैनिक पाठमोरा होता, मी त्याला आमच्याकडे वळवला, हसरा केला, आणि जे मला उत्तम येतं तेच केलं. दात काढले. एकेक वेगळा. भिंगातून पाहून मी स्वतःवर खूश झाले.

त्याने भिंग बाजूला केलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी अदबीने म्हणाला, “हा... लढायला आला नाहीये. चावायला आलाय.”

“बघू, बघू,” बाबा म्हणाले. त्यांनी बघितलं. “अरे, याला चहा नको देऊ. हाडूक दे.”

मला हसू येत होतं आणि रडूही. त्याला ते कळलं असावं, कारण तो म्हणाला, “एवढासा माणूस म्हणजे लांबचा माणूस. लांबून दात दिसत नाहीत. डोळेही दिसत नाहीत, डोळ्यांच्या जागची सावली दिसते. थांबा... खिडकीत या.”

तो जिना उतरून खाली गेला. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीपाशी उभा राहिला आणि वर बघू लागला. संध्याकाळचा तिरपा उजेड होता. बारीक भुरभुर सुरू झाली होती, तरी तो हलला नाही. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. आधी खिशात घातले, मग मागे बांधले, मग सोडून दिले. मला फक्त सावल्या बघायच्या होत्या. भुवयांखालची, नाकाखालची, खालच्या ओठाखालची.

“दिसलं का?” वर आल्यावर त्याने विचारलं. केसांवर पाण्याचे कण होते.

“दिसलं.”

“किती?”

“पुरेसं,” मी म्हणाले, आणि ब्रश पाण्यात बुडवायच्या ऐवजी चहात बुडवला.

*

मग दर रविवार. त्याने माझ्यासाठी टेबलाच्या डाव्या बाजूला एक दिवा बसवला. वायर लिफ्टची होती, म्हणून कधी तुटणार नाही असं म्हणाला. टेबलाला माझी बाजू झाली. आम्ही फारसं बोलायचो नाही, बोलायचं काम बाबा करायचे.

“रांग फार सरळ आहे,” ते म्हणायचे. “सैन्यात एवढी सरळ रांग फक्त पगाराला लागायची. चहाला ढकलाढकली असते.”

त्याने दोन सैनिक तिरके केले. आचाऱ्याचा चेहरा माझ्याकडे आला तेव्हा बाबांनी बजावलं, “एक लक्षात ठेवा. मी देखणा होतो.”

“तुमच्या मुलाकडे बघून वाटत नाही,” मी म्हणाले.

“तो आईवर गेलाय,” बाबा म्हणाले. “ती सुंदर होती, पण तिलाही पटकन बोलता यायचं नाही.”

त्याची मान खाली होती, कान मात्र लाल झाले. मी ब्रश घेऊन त्या रंगाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आणि अशातच मला ती नोकरी चालून आली. रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावरचं शहर, मोठी लॅब, हाताखाली माणसं, आणि राहायला खोली. दाराला आतून कडी असलेली माझी खोली. वहिनीला खरोखर आनंद झाला. दादा म्हणाला, “तुझं तू ठरव.” या घरात माझं मी ठरवायची ती पहिलीच वेळ.

मी ते रविवारी टेबलाशी सांगितलं. कुणाच्या तरी बुटांना चिखल लावत सांगितलं, म्हणजे वर बघावं लागू नये.

त्याने हातातला ट्रक जागेवर ठेवला. मग म्हणाला, “चांगलं आहे.”

“हो ना?”

“खोली मिळतेय म्हणजे... चांगलंच आहे. कधी?”

“या महिनाअखेरीला.”

“मग चेहरे तोवर होतील,” तो म्हणाला.

मला त्याच्या अंगावर रंगाची डबी फेकावीशी वाटली. मी झाकण घट्ट लावलं आणि ठेवून दिली. तो पाणी आणायला आत गेला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “लिफ्टवाला आहे तो. कुणी बटण दाबल्याशिवाय वर नाही, खाली नाही.”

“मग मीच का दाबू?”

“तेही खरंच,” बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी दाबलं नाही. दोन रविवार मी शक्य तितकं हळू रंगवलं. त्याने शक्य तितके कमी शब्द वापरले. दुसऱ्या रविवारी शेवटच्या सैनिकाच्या हनुवटीखाली सावली भरली आणि माझं काम संपलं. त्याने जिन्यापर्यंत सोडलं. “जपून जा,” म्हणाला. माणूस परगावी निघाला की म्हणतात तसं.

*

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. बाबांचा, असं स्वतःला सांगून. जिन्यातच करवतीचा आवाज ऐकू आला.

दार उघडं होतं. टेबलावर लाकडाचा भुसा पसरला होता, आणि तो आमच्या त्या सकाळीवर वाकून करवत चालवत होता. नदीपासून सुरू होऊन पातं चिखलातून, रांग आणि चूल यांच्या मधून, निम्म्याहून पुढे आलं होतं.

“काय करताय हे!” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो दचकला. “दार अरुंद आहे.”

“कसलं दार?”

“तीन वर्षं बांधतोय,” खुर्चीतून बाबा ओरडले, “आणि दार मोजलं नाही गाढवाने! लिफ्टच्या दारांची मापं झोपेत सांगतो!”

“बाहेर काढायचं तर दोन भाग करावे लागतात,” तो म्हणाला. “तिकडे नेण्यासाठी.”

“तिकडे म्हणजे?”

“तिकडे आमच्या कंपनीची शाखा आहे. मी बदली मागितलीय. देतो म्हणाले, पण वेळ लागेल. बाबांनाही विचारलं.”

“मी लगेच हो म्हणालो,” बाबा म्हणाले. “इथल्या खिडकीतून आता काही नवीन दिसत नाही.”

मी पिशवी खाली ठेवली. “कंपनीला विचारलंत. बाबांना विचारलंत. दाराचं माप घेतलंत. ज्या शहराला निघालात तिथे मी असणार आहे. मला कुणी विचारलं?”

तो करवतीकडे बघत राहिला. “तुम्ही नाही म्हणाला असतात, तर हे कापायची हिंमत झाली नसती. म्हणून आधी कापायला घेतलं.”

“ही विचारायची रीत झाली?”

“नाही.” त्याने करवत ठेवली. हात पँटला पुसले, भुसा निघाला नाही, पुन्हा पुसले. पापण्यांवरही भुसा होता. या वेळी तो रस्त्यापलीकडे नव्हता, हातभर अंतरावर होता, आणि त्याचे डोळे मला नीट दिसत होते. “मी... मी येऊ का तिकडे? तुझ्यासाठी?”

बाबांना खिडकीबाहेर अचानक फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

“ये,” मी म्हणाले. “आणि लवकर ये.”

उरलेली फळी आम्ही दोघांनी कापली. मी धरली, त्याने कापली. शेवटी पातं सुटलं तेव्हा दोन्ही अर्धी थोडी सरकली आणि मधून टेबल दिसलं.

“एक तू घेऊन जा,” तो म्हणाला. “तुझे चेहरे आहेत ते.”

“म्हणजे रांग तिकडे आणि चहा इकडे!” बाबा म्हणाले. “उपाशी मारता का पोरांना?”

*

खोली चांगली आहे. कडी नीट लागते. पहिल्या रात्री मी ती तीनदा लावून पाहिली, आणि मग कळलं की बाहेरून ती वाजवणारंही कुणी नाही. दिवसभर हाताखालच्या मुली मला मॅडम म्हणतात. संध्याकाळी मी दार उघडते, दिवा लावते. टेबलावर भिंत, चिखल आणि रांग. पहिल्या सैनिकाने चहाचा मग पुढे केलाय, फळीच्या कापलेल्या कडेपर्यंत. त्याच्यापुढे अर्धं टेबल मी रिकामं ठेवलंय. तिथे मी वाटीसुद्धा ठेवत नाही.

बदलीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. काल त्याचा फोन आला.

“पुढच्या आठवड्यात सही होईल म्हणतात.”

“मागच्या आठवड्यातही तेच म्हणाले होते.”

“हो...” तो थांबला. मागे बाबांचा खोकला ऐकू आला. “रांगेतली मंडळी काय म्हणतायत?”

मी दिव्याची मान जरा खाली केली. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सावल्या बरोबर पडल्या.

“म्हणतात, चहा गार झाला तरी चालेल.”