पातळ आवाज

मोबाईल खिशात घाला, मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. शाहूपुरीतल्या आकारामच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्यानं स्वतः मला सांगितलेली. एकदाच. परत विचारलं तर उठून जातो.

साल दोन हजार सहा. डिसेंबरची वीस तारीख, बुधवार, अमावस्या. आकाराम रात्री नऊला आपल्या रिपेअरीच्या दुकानाचं शटर ओढून उचगावला निघाला. काम साधंच होतं. गणपतराव क्लॅरिनेटवाले जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि त्यात खुद्द त्यांच्याच वादनाची सीडी लावायची होती. पण सीडी प्लेअरचा आवाज काही बरा येईना. त्यांच्या बायकोनं, बाळाबाईनं, निरोप धाडला होता, "लाईट साडेनवाला येती. तवा या आन् तेवढं यंत्र बघून जावा."

पिशवीत हत्यारं होती. शर्टाच्या खिशात काडेपेटी होती, आणि तीत कापसात गुंडाळलेली एक आयसी, म्हणजे यंत्रातली बारीक पायांची चिप. आयसी गणपतरावांच्याच प्लेअरमधली. दोन वर्षांपूर्वी आकारामनं काढून घेतलेली.

त्याचं असं झालं होतं. गणपतरावांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवली. मस्कतच्या भावानं एक्क्याण्णव साली त्यांना भारीतला सीडी प्लेअर पाठवला होता. पुढं बँडातल्या सोबत्यांनी हौसेनं त्यांचं वादन रेकॉर्ड करून एक सीडी काढली. एकदा प्लेअरचा ट्रे अडकला म्हणून ते तो घेऊन आकारामकडं आले. आकारामनं पट्टा बदलला, चालतोय का बघायला सीडी लावली, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. असा भरीव, गोल आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. जणू माणूस टेबलावर बसून वाजवतोय. त्याला समजलं, सगळी करामत त्या एका आयसीची. त्यानं ती काढून स्वतःच्या प्लेअरला लावली आणि जागेवर दुसरी, हलकी बसवली. विकण्यासाठी नाही. त्याला तो आवाज हवा होता, बास.

आठ दिवसांत गणपतराव परत आले. "आकाराम, आवाज पातळ झालाय. पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत."

आकारामनं लेन्स पुसली. ते पुन्हा आले. त्यानं वायरी बदलल्या, स्पीकर बदलून दाखवले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "माझीच क्लॅरिनेट मला वळखू येईना झालीया."

आकाराम मान वर न करता बोलला, "आण्णा, यंत्र ठणठणीत हाय. तुमचं कानच एकदा बघून घ्या."

गणपतराव प्लेअर उचलून गेले. त्या दिवसापासून त्यांनी क्लॅरिनेटला हात लावला नाही. पेटीसकट हातकणंगल्याच्या एका बँडवाल्याला देऊन टाकली. आणि पुढच्या डिसेंबरात गेले.

तर त्या रात्री आकाराम उचगावला पोचला तेव्हा नुकतीच लाईट आली होती. बाळाबाई दारात उभी होती. "या की. चा ठेवू?"

"नको मावशी. आधी काम बघतो."

बुद्धमूर्तीजवळ गणपतरावांचा फोटो होता. शेजारी त्यांची लोखंडी खुर्ची. आकारामनं तिकडं पाठ केली आणि प्लेअर उघडला. बाळाबाई सहज बोलावं तसं बोलली, "डॉक्टरकडं गेलतो आमी. कान चांगलं हायत म्हणालं. पर ह्यांचा तुमच्यावर लई इस्वास. म्हणायचं, आकारामला आवाजातलं कळतंय, डॉक्टरला काय कळतंय?"

आकारामनं फडकं घेतलं आणि प्लेअरचा ट्रे पुसू लागला. बाळाबाई उद्याच्या स्वैपाकाची डाळ निवडायला शेजारी जावेकडं गेली.

तो एकटा राहिला. त्यानं हलकी आयसी काढली, खिशातली बसवली. एकेका पायाला सोल्डरचा नीट डाख दिला. मनात म्हणाला, झालं, जिथली वस्तू तिथं गेली. कुणाला कळायचं कारण नाही.

सीडी लावली.

आवाज पातळ. तसाच. पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत.

त्यानं सगळे डाख तपासले. वायरी उलटसुलट करून पाहिल्या. स्पीकर पाहिले. सगळं जिथल्या तिथं. परत लावली... पातळच. थंडीतही त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

दहा वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली.

प्लेअर बंद पडला. मिट्ट काळोख. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि मध्येच थांबलं.

आणि मागं कुणीतरी फुंकर मारली.

फू... फू...

वाजवणारा आधी तोंडाजवळची पत्ती जिभेनं ओली करतो आणि वाद्यात गरम फुंकर मारतो, तशी.

आकाराम हलला नाही. लोखंडी खुर्ची करकरली. वजन पडल्यावर करकरते तशी. मग सूर लागला. भरीव. गोल. त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर. सीडीतलीच चाल... पण सीडीत नसलेली हरकत घेऊन. सूर वर चढला. आणखी वर. आणि ऐन टोकावर... थांबला.

काही नाही. नुसता श्वास.

कुणीतरी वाट बघत होतं.

"आण्णा..." आकारामचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मी काढलीती. आवाज मी चोरला. तुमचं कान... चांगलं हुतं."

श्वास तसाच चालू राहिला.

"चांगलं हुतं आण्णा. मीच खोटं बोललो."

श्वास थांबला. खुर्ची एकदा करकरली.

लाईट आली. खुर्ची रिकामी. आणि प्लेअर आपोआप सुरू झाला. तोच आवाज. घर भरून गेलं.

बाळाबाई धावत आत आली. डाळ निवडायचं सूप हातातच होतं. "आता बराबर. ह्ये आमच्या मालकांचं वाजवणं." मग थबकली. "पर आकारामभाऊ, लाईट नव्हती तवा कसं वाजत हुतं? जावंनं बी ऐकलं की."

तो जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. आयसी, खोटं, सगळं. बाळाबाई ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "वरीसभर ते बाजारात मला इचारायचं, कोण काय बोललं गं? ऐकू येत असून इचारायचं. सोताच्या कानावर भरोसा उरला न्हवता." मग तोंड फिरवून म्हणाली, "आमी भूतखेत मानत न्हाई. सीडी काढून द्या आन् जावा तुमी."

आकारामनं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. त्यानं सीडी उचलली.

सीडीच्या खाली काहीतरी होतं. बोटभर लांबीचं, चपटं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात ती पत्ती. ही खाली असताना सीडी फिरूच शकत नाही. घासली जाईल, अडकेल. आणि ट्रे तर त्यानं स्वतः पुसून घेतला होता.

बाळाबाईनं पत्ती दोन बोटांत धरली. उजेडाकडं नेली.

मग पदराला बोटं पुसली.

पत्ती ओली होती.